कोरा पुठ्ठा

पहिला थेंब मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुणाकुणावर चिडलो ते वाचताना माझी बाजू घ्यायचा मोह कुणाला होणार नाही. दसरा होऊन आठवडा झाला असेल. सकाळी काठी टेकत पोर्चमध्ये आलो, तर गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाशेजारी फरशीवर एक लाल ठिपका. टिकलीएवढा.

"अगं, हे काय सांडलंय इथे?" मी ओरडलो. माझं विचारणं आणि ओरडणं यात फारसा फरक नसतो, असं बायको म्हणते.

ती बादली घेऊन बाहेर आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "दसऱ्याचं कुंकू आहे हो. चाकाला लावलं होतं ना, ओघळलं असेल."

दसऱ्याला तिने गाडीची यथासांग पूजा केली होती. बॉनेटवर स्वस्तिक, चारी चाकांना हळदकुंकू, पुढे झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. दसऱ्यानंतर दोन-तीन दिवस आमच्या गल्लीत सगळ्यांच्याच गाड्यांखाली लाल-पिवळं काहीतरी सांडलेलं असतं. त्यामुळे मला ते पटलं. आठवड्यापूर्वीचं वाळलेलं कुंकू आज कसं ओघळेल, हा प्रश्न शाळकरी पोरालाही पडला असता. मी तीस वर्षं शेतकऱ्यांना पिकांची औषधं विकली. पानावरचा डाग बघून रोग कुठला ते सांगायचो. आणि घरच्या फरशीवरच्या डागापुढे माझी अक्कल गहाण पडली होती.

देवळा, वणी, हरसूल, हा सगळा पट्टा माझ्या कामाचा. देवळ्याला कांद्यावर करपा आला की शेतकरी दुकानदाराच्या आधी मला फोन करायचे, "साहेब, लय पसरलंय, तुम्ही याच." मी जायचो. पाऊस असो, ऊन असो, गाडी काढायची आणि निघायचं. घरी बसणं मला कधी जमलंच नाही. निवृत्तीला वर्ष उरलं होतं तेव्हा कमरेतली शीर दबली, ऑपरेशन झालं आणि माझं डावं पाऊल गेलं. गेलं म्हणजे आहे जागेवर, पण उचलत नाही. फरफटतं. क्लच दाबायचं तर सोडाच, त्या पायात चप्पल टिकत नाही.

पुढचे चौदा महिने मी समोरच्या खोलीतल्या खिडकीत काढले. सकाळी तिथे बसायचो आणि अंधार पडला की उठायचो. रस्त्यावरून जाणारी गाडी कुठली आहे ते नुसत्या आवाजावरून ओळखायचो, एवढाच काय तो उद्योग. बायकोला टाकून बोलायचो. भाजीत मीठ कमी, चहा गार, पंखा जोरात, काहीही चालायचं मला. एका दुपारी ती औषधांचा डबा घेऊन आली तेव्हा मी म्हणालो, "त्यातल्या झोपेच्या गोळ्या सगळ्या एकदमच दे. तूही सुटशील आणि मीही सुटेन."

ते मी रागाच्या भरात बोललो की खरंच तसं वाटत होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. तिने डबा उचलला आणि आत गेली. त्या दिवसापासून तो डबा घरात कुठे असतो हे मला माहीत नाही. वेळ झाली की हातावर एक गोळी येते आणि मी ती गिळेपर्यंत ती समोर उभी राहते.

मग डॉक्टरच म्हणाले की उजवा पाय ठणठणीत आहे, क्लच नसलेली गाडी चालवायला हरकत नाही. मी त्या माणसाच्या पाया पडायचाच बाकी राहिलो. बंगळुरूच्या मुलाला मात्र हे अजिबात पसंत नव्हतं. फोनवर बरेच दिवस घासाघीस चालली. शेवटी तो म्हणाला, "बाबा, घ्या जुनी ऑटोमॅटिक. पण एक जरी झंझट झालं तरी लगेच विकायची. रस्त्यात बंद पडली तर तुम्ही दोघं काय करणार? प्रॉमिस करा." मी केलं. त्या वेळी त्याने काहीही मागितलं असतं तरी मी हो म्हणालो असतो.

गाडी आली आणि मी माणसांत आलो. पहिल्याच आठवड्यात हरसूलच्या बाजाराला गेलो. बायकोने नागली घेतली, कुठल्याशा रानभाज्या घेतल्या. मी नुसता गाडीत काच खाली करून बसलो होतो. एका म्हाताऱ्याने मला ओळखलं, "आरं साहेब! हायेत व्हय अजून!" म्हणून हसला. मीही हसलो. घरी येताना बायको म्हणाली, "किती दिवसांनी हसलात." मी म्हटलं, "रस्त्याकडे बघू दे."

तेव्हापासून तिची एक सवय झाली. मी कुठूनही गाडी घेऊन आलो की ती दार उघडताना विचारायची, "बरी चालते ना गाडी?" मी म्हणायचो, "मस्त." रोज तेच विचारायची, रोज तेच उत्तर. कधीकधी वैतागायचो, "अगं, किती वेळा तेच!" पण खरं सांगायचं तर मला ते ऐकायला आवडायचं.

त्या लाल थेंबानंतर दिवाळीच्या आधी गाडी किंचित अडायला लागली. पोर्चमधून मागे घेताना गिअर टाकला की लगेच सरकायची नाही. क्षणभर थांबायची आणि मग एकदम हिसका देऊन निघायची. बायकोला यातलं काही न सांगता मी ती सातपूरच्या एका मेकॅनिककडे नेली. चाळिशीतला माणूस, बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण हात स्वच्छ. मेकॅनिकचे हात स्वच्छ असले की मला आधी शंका येते. त्याने बॉनेट उघडून गिअरबॉक्सचं ऑईल मोजायची पट्टी ओढली, पांढऱ्या कापडावर पुसली आणि माझ्यापुढे धरली. कापडावर लाल डाग.

"काका, ऑईल कमी झालंय. बघा, याचं ऑईल लाल असतं. इंजिनचं काळं. खाली लाल थेंब कधी दिसले का?"

मला फरशीवरचं ते कुंकू आठवलं. "एकदा दिसला होता," मी म्हणालो, "पण आम्हाला वाटलं दसऱ्याचं कुंकू."

तो हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्याचं तरी काय चुकलं? त्याने गाडी वर घेतली आणि खालून बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं. एक बाजू ओलसर होती. "गळतंय थोडंसं. पण चालत्या गाडीत वाऱ्याने ऑईल मागे पसरतं. ओलं इथे दिसतं म्हणून इथूनच गळतंय असं नसतं. मी सगळं पुसून काढतो आणि ऑईल भरून देतो. तुम्ही आठ दिवस चालवा. उभी केली की खाली पुठ्ठा ठेवायचा. थेंब कुठे पडतो, कितीसा पडतो, ते बघायचं. तो पुठ्ठा घेऊन माझ्याकडे या. छोटं काम असेल, पण अंगावर काढू नका."

जेवताना हे सगळं मला बायकोला सांगावंच लागलं, कारण पुठ्ठा घरात तिच्याशिवाय कुणाला सापडणार? फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा तिने माळ्यावर जपून ठेवला होता. तो देताना तिने विचारलं, "थेंब पडले तर?"

"पडले तर गॅरेजला ठेवावी लागेल."

"किती दिवस?"

"मला काय माहीत! आणि याला काही कळता कामा नये." याला म्हणजे मुलाला. "कळलं की विकायलाच लावेल."

ती मान हलवून आत गेली.

त्या दुपारी मी पुठ्ठा गाडीखाली सरकवला, चाकाची जागा त्यावर पेन्सिलने आखली, कामाच्या माणसासारखं सगळं केलं. संध्याकाळी काढून पाहिला. कोरा. दुसऱ्या दिवशी कोरा. चौथ्या दिवशीही कोरा. एक थेंब नाही. मी पुठ्ठा पोर्चच्या उजेडात धरून उलटासुलटा केला, वास घेऊन पाहिला, त्यावर बोट फिरवलं. मग फोटो काढून मेकॅनिकला पाठवला. खाली लिहिलं, "काय ओ, कुठे आहे तुमची गळती?" त्याचं उत्तर आलं, "चांगलंय काका. तरी एकदा लेव्हल बघायला आणा."

मी नेली नाही. आता खरं तेच सांगतो. तोवर मागे घेतानाचा तो हिसका परत सुरू झाला होता. गंगापूर रोडच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला की मागचा हॉर्न वाजवायचा तरी गाडी हलायची नाही, नुसतं इंजिन ओरडायचं. मला कळत होतं. तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला कळणार नाही होय! पण घरी पुठ्ठा कोरा होता ना. कोऱ्या पुठ्ठ्यावर विश्वास ठेवायला मला फार सोपं गेलं. गॅरेजला न्यायची म्हणजे चार-आठ दिवस खिडकीत बसायचं. कदाचित मुलाला कळणार, मग कायमचंच. दारात बायको विचारायची, "बरी चालते ना गाडी?" मी म्हणायचो, "मस्त."

एक दिवस तीच म्हणाली, वणीच्या गडावर देवीच्या दर्शनाला जाऊ. गाडी आल्यापासून तिचं राहिलं होतं. मी नाही म्हणू शकलो असतो. गाडीला चढ झेपणार नाही, एवढंच वाक्य बोलायचं होतं. ते बोललो नाही. सकाळी निघालो. वणीपर्यंत ठीक गेलो. तिने डब्यात थालीपीठ घेतलं होतं, रस्त्याकडेच्या द्राक्षबागा बघत होती, काहीबाही बोलत होती. गडाचा घाट सुरू झाला आणि तिसऱ्या की चौथ्या वळणावर गाडीने मान टाकली. मी पेडल दाबत होतो, इंजिन किंचाळत होतं, गाडी जागची हलत नव्हती. मग करपलेला वास आला. मग गाडी मागे सरकायला लागली. मी ब्रेकवर उभा राहिल्यासारखा पाय दाबला आणि हँडब्रेक ओढला. बायकोने दोन्ही हातांनी माझा दंड धरला होता. मागून येणाऱ्या जीपमधल्या माणसांनी उतरून चाकांना दगड लावले, म्हणून निभावलं.

आम्ही घाटातल्या कठड्यावर बसलो. गाडी नेणारा ट्रक यायला दुपार झाली. डबा तसाच परत आला. मनातल्या मनात मेकॅनिकला शिव्या घालत होतो. च्यायला, ऑईल भरताना यानेच काहीतरी घोळ घातला असणार. पुठ्ठा कोरा होता, माझ्याकडे फोटो होता.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षाने गॅरेजला गेलो. तो बोलायच्या आत मी सुरू झालो. तोंडाला येईल ते बोललो. आठ दिवस पुठ्ठा ठेवला, एक थेंब पडला नाही, मग ऑईल गेलं कुठे? तुम्ही भरलं तरी होतं का? माझं संपल्यावर तो म्हणाला, "काका, या इकडे." मला हाताला धरून वर घेतलेल्या गाडीखाली नेलं आणि डाव्या चाकामागे बॅटरी मारली.

तिथे एक रबरी पाईप गिअरबॉक्समधून पुढे जातो. त्याच्या जोडावर कापड गुंडाळलेलं होतं. चांगली तीन-चार वेढ्यांची चिंधी, वर सुतळीने घट्ट गाठ. चिंधी पार भिजून काळीलाल झाली होती. पण एका कडेला, जिथे ऑईल पोचलं नव्हतं, तिथे तिचा मूळचा रंग दिसत होता. मोरपंखी, त्यावर बारीक पिवळी बुट्टी.

"घरात कुणी बांधलं का हे?" त्याने हळूच विचारलं. "गाडी उभी असताना ही चिंधी सगळं पिते. म्हणून पुठ्ठा कोरा. गाडी चालली की प्रेशर येतं, मग चिंधीबिंधी काही थांबवत नाही. सगळं रस्त्यावर उडून गेलं. आतल्या प्लेटा जळाल्यात. आता नवा गिअरबॉक्सच, आणि ह्या गाडीला तो टाकण्यात अर्थ नाही, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

"आणि गळत काय होतं?"

"क्लिप सैल झाली होती पाईपची. बस. क्लिप बदलायची, अर्ध्या तासाचं काम."

त्याची माफी मागायची होती. ती न मागता मी चिंधी तेवढी मागून घेतली आणि कागदात गुंडाळून खिशात घातली. ती मोरपंखी साडी बायकोला मीच आणली होती, देवळ्याहून येताना. ती विटली तेव्हा तिने तिची फडकी केली. आमच्या घरात नळ गळायला लागला की तिची हीच पद्धत. प्लंबर येईल तेव्हा येईल, आधी चिंधी गुंडाळायची आणि सुतळीने आवळायची. मोरीच्या नळाला अशी चिंधी मी वर्षानुवर्षं पाहत आलोय, तिच्यावरून चेष्टाही केलीय.

घरी आलो. ती दारात उभी होती. मी चिंधी खिशातून काढून तिच्यापुढे धरली. "हे काय आहे?"

ती घाबरली नाही. पदराने हात पुसले आणि माझ्या समोर खुर्चीवर बसली.

"पहिल्या दिवशी मला खरंच कुंकू वाटलं," ती म्हणाली. "मग पुसताना वास आला. कुंकवाला तसा वास नसतो. रोज एक-दोन थेंब पडायचे, सडा घालताना धुऊन टाकायचे. मग तुम्ही पुठ्ठ्याचं सांगितलंत. तेव्हा जेवून तुम्ही जरा आडवे झालात तशी मी चाकापाशी बसून बॅटरीने वर पाहिलं. थेंब कुठून सुटतो ते दिसलं. हात पोचत होता. बांधली चिंधी. दोन-तीन दिवसांनी बदलायचे."

मेकॅनिकला जे आठ दिवसांनी कळणार होतं ते हिला बसल्या बैठकीला कळलं होतं. तेवढंच जर मला म्हणाली असती! मी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, मग सांगायचं होतंस! अर्ध्या तासाचं काम होतं ते! अर्धा तास!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला.

"गाडी गॅरेजला ठेवावी लागेल म्हणालात. पोराला कळलं की विकायला लावेल म्हणालात." तिने खिडकीकडे पाहिलं. "तुम्ही परत तिथे बसला असतात. आणि त्या दुपारी तुम्ही जे बोललात ना गोळ्यांचं, ते मी एक दिवसही विसरलेली नाही. मला वाटलं, गाडी चालू राहिली की तुम्ही राहाल."

ती थांबली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी शांतपणे बोलली.

"पण मी रोज विचारत होते. चिंधी टिकतेय की नाही, मला तरी कसं कळणार? आधी सवयीने विचारायचे, मग मुद्दाम विचारायला लागले, बरी चालते ना गाडी? एकदा जरी तुम्ही म्हणाला असतात की नाही, अडतेय, तर मी तेव्हाच सगळं सांगितलं असतं. तुम्ही रोज मस्त म्हणायचात."

गाडी गेली. मुलाने फोनवरच कुणाशी तरी बोलून व्यवहार केला. मला एका शब्दाने टोचलं नाही, आणि त्याचं ते न टोचणंच मला जास्त लागलं. गॅरेजमधून ती ट्रकवर चढवली तेव्हा बायको घरातच होती. पोर्चमधली फरशी तिने सोड्याने घासली, तरी डाव्या चाकाच्या जागी फिकट गुलाबी डाग राहिलाच आहे.

मी परत खिडकीत बसतो. आवाजावरून गाड्या ओळखणं मात्र सोडून दिलंय. आता मी तिला टाकून बोलत नाही. भाजी अळणी असली तरी जेवतो. त्या दुपारच्या विचाराचं म्हणाल, तर तो येतो. रोज येत नाही, पण येतो. आणि आता तो रागात येत नाही.

सकाळी गोळीची वेळ झाली की ती येते. हातावर एक गोळी ठेवते, पाण्याचा पेला देते, मी गिळेपर्यंत समोर उभी राहते. मग माझ्या तोंडाकडे बघत विचारते, "बरं वाटतंय ना?"

मी म्हणतो, "मस्त."